दुसरी लाईन

गुणवंतराव ठेंगरी यांनी उभ्या नोकरीत खोटं असं एकच लिहिलं, आणि तेही एका शब्दाचं. शब्द होता ‘ठीक’. सहा सोमवार त्यांनी तो लिहिला आणि प्रत्येक वेळी खाली सही केली.

ब्रह्मपुरीहून नागभीडकडे निघालं की गाव संपतासंपता उजव्या हाताला एका संस्थेचं तंत्रनिकेतन लागायचं. गुणवंतराव तिथे कार्यशाळेत सहायक म्हणून लागले तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. लेथवर त्यांचा हात असा बसला होता की मास्तर मोजपट्टी लावायच्या आधी त्यांच्याकडे बघायचे. पोरांनी केलेला तुकडा ते नुसता बोटांत फिरवायचे आणि म्हणायचे, “अजून केसभर जास्त आहे, घे पुन्हा.” मोजलं की तेवढंच जास्त निघायचं. पुढे लेथ जुने झाले, संस्थेनं संगणकाची खोली केली, आणि ‘यंत्राचा माणूस आहे’ म्हणून गुणवंतरावांना तिकडे हलवलं. तिथे त्यांच्या हाताला काम नव्हतं. खोली उघडायची, पंखे लावायचे, पोरांच्या चपला बाहेर काढायला लावायच्या, संध्याकाळी कुलूप. असं सात वर्षं चाललं.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये तंत्रनिकेतनाला प्रवेशाचं केंद्र मिळालं. दहावीनंतर पदविकेला जाणाऱ्या पोरांनी अर्ज इथेच भरायचे, कागद इथेच तपासून घ्यायचे आणि अर्ज इथूनच इंटरनेटवर पक्का करायचा. पक्का करायची मुभा फक्त केंद्राच्या लाईनला होती, बाहेरच्या सायबर कॅफेतून ते काम होत नव्हतं. म्हणून तंत्रशिक्षण संचालनालयानं अट घातली होती की केंद्रात दोन लाईन पाहिजेत, एक गेली तर दुसरी चालली पाहिजे. त्या कामासाठी चंद्रपूरच्या नानाजींच्या संगणकाच्या दुकानातून पुनम मारबते आली.

पुनम वैनगंगेकाठच्या ढिवराच्या घरची. बापाचं अर्धं आयुष्य मासे धरायच्या डोंग्यात गेलेलं. ती स्वतः पदविका करून चंद्रपूरला नानाजींकडे चार वर्षं नेटवर्कचं काम करत होती. सव्वीस वर्षांची, सलवार-कमीज, पाठीला बॅग, आणि बॅगेत पेचकस, चिमटा, केबल तपासायची डबी. प्राचार्य निकुरे सरांनी तिला पाहून विचारलं होतं, “इंजिनिअर मागून येताहेत का?” ती म्हणाली, “मीच आहे सर,” आणि कपाटामागे शिरली.

तिनं बसवलेली फायरवॉल म्हणजे वहीएवढी लोखंडी डबी. बाहेरचं इंटरनेट कॉलेजात यायचं ते तिच्यातून गाळून. डबीला मागे ओळीनं खाचा होत्या. एका खाचेत पहिली लाईन, जी रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून आली होती. दुसऱ्या खाचेत दुसरी लाईन, टेलिफोनच्या तारेवरची, तिचा मोडेम वेगळा. कंत्राटदाराचा माणूस म्हणत होता दोन्ही एकाच खड्ड्यातून टाकू, काम लवकर होईल. पुनमनं ऐकलं नाही. तिनं दुसरी तार मागच्या अंगानं, खांबांवरून आणायला लावली. त्यात दोन दिवस जास्त गेले आणि नानाजींनी तिला फोनवर चार शब्द ऐकवले.

“एकाच खड्ड्यात दोन लाईन टाकल्या तं कुदळ एकच लागते भाऊ,” ती गुणवंतरावांना म्हणाली. आतापर्यंत आलेल्या एकाही इंजिनिअरनं गुणवंतरावांना काही समजावून सांगितलं नव्हतं. हात लावू नका, एवढंच सांगायचे. हिनं त्यांना खुर्ची दिली, पडद्यासमोर बसवलं.

“हे पाहा. ही डबी दर सेकंदाला दूरच्या एका यंत्राले हाक मारते. उत्तर आलं का ही ओळ येते. तीन हाका वाया गेल्या का ती समजते पहिली लाईन मेली, आन् सगळं काम दुसऱ्या खाचेवर घेते. आता तुमी पहिली केबल काढा.”

“मी?”

“तुमीच. मी काय रोज इथी राहून राह्यली का?”

गुणवंतरावांनी खाचेतली चिमटी दाबली आणि केबल ओढली. पडद्यावरच्या ओळी थांबल्या. पुनम मोठ्यानं मोजत होती, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचाला ओळी पुन्हा धावू लागल्या. बाजूच्या खोलीत पोरगा बसला होता, त्याला काही झाल्याचं कळलंही नव्हतं.

“आता घाला परत. पहिली आली का काम पहिलीवर जाईन.”

गुणवंतरावांनी त्या दिवशी ते आठ वेळा करून पाहिलं. पुनम हसली नाही. तिनं एक रजिस्टर आणलं, रकाने आखले. दर सोमवारी सकाळी पहिली केबल एक मिनिट काढायची, दुसरी घेते का पाहायचं, तारीख टाकून ठीक किंवा बिघाड लिहायचं, सही करायची.

“दुसरी लाईन रोज कामात येत नाई ना, म्हून तिच्यावर ध्यान ठेवा लागते,” ती म्हणाली. “आन् एक. काही बिघडलं तं ही डबी बंद नोका करजा. कोणती लाईन कधी गेली ते सगळं तिच्या आठवणीत राह्यते. बंद केली का आठवण पुसली. अगोदर मले फोन करजा.”

मार्च आणि एप्रिलमधले सगळे सोमवार गुणवंतरावांनी नेमानं केबल काढली. घरी रुखमाबाईंना सांगायचे, आज साडेचार सेकंदातच घेतलं, पाच मोजूच दिलं नाई. रुखमाबाई म्हणायच्या, “तुमाले कित्येक दिवसांनी काम भेटलं बाप्पा.”

मेच्या पहिल्या आठवड्यात निकुरे सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. निकुरे सरांना वाईट माणूस म्हणून गावात कोणी ओळखत नव्हतं. पोरांच्या सहली, गावातली रक्तदान शिबिरं, सगळीकडे ते पुढे असत. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकायला गेला होता आणि सरांना त्याच्याशी कॅमेऱ्यावर बोलायचं होतं. फायरवॉल ते बोलणं गाळून टाकायची, आणि तसंच ठरलेलं होतं.

“गुणवंता, ती दुसरी लाईन काय करते रे?”

“पहिली गेली का चालते सर.”

“पहिली कधी गेली आजपर्यंत?”

“नाई गेली सर.”

“मग नुसतीच पडून आहे ना. तिचा मोडेम माझ्या केबिनमध्ये आणून ठेव. सरळ माझ्या संगणकाला जोड. प्रवेश सुरू झाले की परत नेऊ.”

गुणवंतराव दारात उभे राहिले. “सर, ते सोमवारचं रजिस्टर…”

“ते लिहीत जा तू. तपासणीला कोणी आलं तर रिकामं दिसायला नको.”

रविवारी कॉलेज बंद असताना गुणवंतरावांनी एकट्यानं ते काम केलं. भिंतीला खिळे मारून तार सरांच्या टेबलापर्यंत नेली, नीटनेटकी, एका रेषेत. दुसऱ्या दिवशी सोमवार. त्यांनी रजिस्टर उघडलं. दुसरी खाच रिकामी होती, तिच्यावरचा दिवा विझलेला होता. त्यांनी तारीख टाकली, ‘ठीक’ लिहिलं, सही केली. सही जरा वाकडी आली. पुढच्या सोमवारी सरळ आली.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. गुणवंतरावांनी सरांना दोनदा आठवण करून दिली. पहिल्यांदा सर म्हणाले, “या आठवड्यात मुलाची परीक्षा संपते, मग ने.” दुसऱ्यांदा नुसतं “हो हो” म्हणाले. तिसऱ्यांदा गुणवंतराव बोलले नाहीत. पुनमला सांगता आलं असतं. तिचा नंबर रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरच होता. पण सांगायचं तर मधल्या सोमवारांचं काय, ह्या विचाराशी ते अडायचे.

अर्ज पक्के करायचा शेवटचा दिवस बुधवार होता, संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळी पहिल्या बसपासूनच पोरं येऊ लागली. वडसा, आरमोरी, सिंदेवाही, नदीपलीकडची गावं. जातीचे दाखले आदल्या दिवशी हाती पडलेले, म्हणून सगळी शेवटच्या दिवसाला. त्यांत नदीकाठच्या एका गावातला लटारू दिघोरे आपल्या पोरीला घेऊन आला होता. लटारू तलावाचा, नदीचा मासेमार. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा, पायांत रबरी चप्पल. पोरीचं नाव रिंकू. दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के. तिला नागपूरच्या सरकारी तंत्रनिकेतनात जायचं होतं, तिथे मुलींचं वसतिगृह होतं. कागदांची पिशवी ती छातीशी धरून बसली होती.

पावणेबाराला पडदे थांबले. नागभीड रोडचं रुंदीकरण चालू होतं. कॉलेजपासून अर्ध्या किलोमीटरवर जेसीबीनं पहिली लाईन उचकटून काढली होती. केंद्रावर बसलेले दोन मास्तर एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हणाला, “दुसरी लाईन घेते ना आपोआप?” सगळे गुणवंतरावांकडे पाहायला लागले.

गुणवंतरावांनी मनातल्या मनात पाच मोजले. मग दहा. का मोजत होते, त्यांनाच ठाऊक नाही.

सर नागपूरला संस्थेच्या बैठकीला गेले होते. केबिनला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या खिशात. गुणवंतरावांनी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन फोन लावला.

“सर, पहिली लाईन तुटली. चौतीस पोरं बाकी आहेत. मोडेम तुमच्या केबिनमध्ये. कुलूप तोडू का?”

तिकडून सरांनी आवाज खाली आणला. “कुलूप तोडायचं नाही. आत परीक्षेचे गोपनीय कागद आहेत. मी निघतो इथून, चारपर्यंत पोचतो. आणि हे बघ, मोडेम कुठे आहे हे कोणाला सांगत बसू नकोस.”

टेलिफोनवाले आले, खड्ड्यात उतरले, म्हणाले उद्यापर्यंत धरा. मास्तरांनी नागपूरला संचालनालयात फोन लावले, फोन लागत नव्हते. पोरं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. गुणवंतरावांनी मडक्यातलं पाणी आणून एकेकाला दिलं. रिंकूनं पाणी घेतलं आणि विचारलं, “काका, पाचच्या अगोदर होईन ना?”

“होईन. सर येऊन राह्यले.”

लटारूनं दोन्ही हात जोडले. “तुमीच पाहा भाऊ. आमाले यातलं काई समजत नाई.”

साडेतीन वाजले. गुणवंतरावांनी सरांना पुन्हा फोन केला. सर उमरेडच्या पुढे होते, रस्त्यात ट्रक उलटला होता. चार वाजता गुणवंतराव कार्यशाळेत गेले. जुन्या लेथांच्या मागे सब्बल, लोखंडी पहार, ठेवलेली होती. ती घेऊन ते मागच्या बाजूनं केबिनपाशी आले. कुलूप लहान होतं, दुकानाच्या गल्ल्याला लावतात तेवढं. दारावरच्या काचेतून आतल्या मोडेमचे तीन हिरवे दिवे दिसत होते. लाईन जिवंत होती. तार त्यांनीच ओढलेली. कोयंडा उचकटायला एक झटका, मोडेम परत न्यायला दहा मिनिटं. चौतीस अर्जांना अर्धा-पाऊण तास. सगळं बसत होतं.

त्यांनी सब्बलीचं टोक कोयंड्यात घातलं. मग डोक्यात हिशोब सुरू झाला, पण तो वेळेचा नव्हता. दार तुटलं की मास्तर विचारतील मोडेम इथे कसा. मग कोणीतरी रजिस्टर उघडेल. सहा सोमवार, सहा सह्या. ज्या माणसाला केसभर जास्त-कमी चालत नव्हतं त्याच्या सह्या. शिवाय सर येतच होते. चारचे सव्वाचार होतील, साडेचार होतील. घाई केली तर साडेचारलाही जमेल. सर किल्ली लावतील, कोणाच्या नजरेत येणार नाही, पोरांचंही होईल.

त्यांनी सब्बल काढून घेतली आणि भिंतीला टेकवून उभे राहिले. साडेचार वाजले. पावणेपाच वाजले. त्यानंतर कुलूप तोडूनही उपयोग नव्हता.

सर साडेपाचला पोचले. तोवर मास्तर निघून गेले होते आणि पोरं उठून बसस्टँडकडे चालली होती. रिंकू रडत नव्हती. ती बापाला विचारत होती की शेवटची बस कितीला आहे. सरांनी त्यांना थांबवून सांगितलं, “मी वरपर्यंत बोलतो, काळजी करू नका,” आणि केबिन उघडली. गुणवंतरावांनी मोडेम उचलला, तार गुंडाळली, भिंतीतले खिळे उपटले आणि सगळं होतं तसं करून ठेवलं. दुसऱ्या खाचेवरचा दिवा पेटला.

“यंत्र एकदा बंद करून चालू कर,” सर दारातून म्हणाले. “अडकलं असेल.”

यंत्र अडकलेलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. बंद केल्यावर काय पुसलं जातं हे मात्र फक्त गुणवंतरावांना माहीत होतं. त्यांनी बटण दाबलं. डबीचे सगळे दिवे एकदम गेले.

दुसऱ्या दिवशी पुनम चंद्रपूरहून पहिल्या बसनं आली. दुपारी तुटलेली लाईन जोडली जाईपर्यंत ती थांबली. तिनं पहिली केबल काढली. पाचाला दुसरीनं काम घेतलं. पुन्हा काढली. पुन्हा घेतलं. दहा वेळा. मग ती खाली बसली.

“भाऊ, हे चालून राह्यलं. काल काऊन नाई चाललं?”

“मले काय माहीत बाई.”

“काल दुसऱ्या खाचेचा दिवा पेटला होता का?”

“ध्यानात नाई.”

“डबी कोणी बंद केली?”

गुणवंतराव टेबलावरची केबल गुंडाळू लागले. तिनं रजिस्टर उघडलं आणि एकेक सोमवार बोट ठेवून वाचला. मग उठून बाहेर गेली, व्हरांड्यात सरांच्या केबिनपर्यंत भिंत बघत चालत गेली. चुन्यात खिळ्यांची ताजी भोकं होती, एका रेषेत. परत येऊन तिनं बॅग उचलली. “चौकशी होईन,” ती एवढंच म्हणाली. “तुमालेही बोलावतीन.”

चौकशी ऑगस्टमध्ये झाली. नागपूरहून एक साहेब आले. निकुरे सरांच्याच केबिनमध्ये बसले. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला नानाजी आणि पुनम. गुणवंतराव दाराजवळच्या स्टुलावर.

पुनम सावकाश बोलली. “साहेब, यंत्रात किंवा माझ्या जोडणीत चूक असती तर दुसऱ्या दिवशीही ते चाललं नसतं. मी काहीही न बदलता ते चाललं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दिवशी दुसरी लाईन यंत्राला लागलेलीच नव्हती.”

“पुरावा?”

“यंत्रातली नोंद पुसली गेली आहे. भिंतीवर खिळ्यांची भोकं आहेत.”

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “साहेब, भिंतीवर भोकं कुठल्या कॉलेजात नसतात? आमच्याकडे रजिस्टर आहे. दर सोमवारी तपासणी झालेली आहे. शेवटची नोंद त्या बुधवारच्या दोनच दिवस आधीची. आमचा माणूस चोवीस वर्षं नोकरीत आहे, त्याच्यावर आजपर्यंत एक शेरा नाही.”

साहेबांनी रजिस्टर गुणवंतरावांपुढे धरलं. “ही सही तुमची?”

“होय साहेब.”

“तपासून लिहिलं होतं?”

पुनम वळून त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हा माणूस आता सांगेल, याची तिला खात्री होती, आणि तीच गुणवंतरावांना सोसवेना. मार्चमध्ये तिनं केबल हातात दिली होती तेव्हाही ती अशीच पाहत होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुमीच सांगा.”

“रजिस्टरात लिहिलं आहे तेच खरं,” गुणवंतराव म्हणाले.

साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर नानाजी पुढे निघून गेले. पुनम पायरीवर थांबली. गुणवंतरावांना वाटलं ती काही तरी जबर बोलेल आणि मग आपल्याला हलकं वाटेल. ती म्हणाली, “मी त्या वहीवर तुमाले सही कराले लावली तेच चुकलं माहं. मले वाटलं, सही असली का माणूस खोटं लिहीत नाई.” आणि ती गेटकडे चालू लागली.

अहवाल आला. जोडणीत तांत्रिक त्रुटी, पुरवठादार जबाबदार. नानाजींचं नाव तीन वर्षांसाठी सरकारी यादीतून काढलं. नानाजींनी दुकान सांभाळलं आणि पुनमला काढून टाकलं. ती वडशाला एका मोबाईलच्या दुकानात बसते, असं नंतर कोणीतरी सांगितलं. चौतीस पोरांना उरल्यासुरल्या जागांच्या फेरीत घेतलं. त्या फेरीत सरकारी जागा नव्हत्या. ज्यांना परवडलं ती खाजगीत गेली. रिंकू दिघोरेचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही.

दोन हजार नऊच्या मेअखेर गुणवंतराव निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं. सर भाषणात म्हणाले, अशी विश्वासू माणसं आता मिळत नाहीत. घरी येऊन गुणवंतरावांनी शाल खुंटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी चार पानी पत्र लिहायला घेतलं. मोडेम कधी हलवला, कोणाच्या सांगण्यावरून, रजिस्टर कसं लिहिलं, कुलूप, सब्बल, बटण, सगळं. काही वगळलं नाही. रुखमाबाईंना वाचून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या उन्हाळ्यात तुमी सोमवारचं सांगणं बंद केलं तवाच मले शंका आली होती. विचारलं असतं तं बरं झालं असतं.” पत्र रजिस्टर्ड पोस्टानं संचालनालयाला गेलं.

नोव्हेंबरमध्ये उत्तराऐवजी निकुरे सरांचा निरोप आला. गुणवंतराव केबिनमध्ये गेले. सरांनी चहा मागवला. टेबलावर तेच पत्र होतं, त्यांच्याच अक्षरातलं, कोपऱ्यात संचालनालयाचा शिक्का आणि त्याखाली एक ओळ: प्राचार्यांकडे योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित.

“माझ्याविरुद्धची तक्रार मलाच पाठवली त्यांनी,” सर म्हणाले. आवाजात विजय वगैरे नव्हता, थकवाच होता. “मला अभिप्राय द्यावा लागणार. मी लिहिलं आहे. वाच.”

अभिप्राय तीन ओळींचा होता. सदर कर्मचारी सेवानिवृत्त असून वयोमानानुसार त्यांच्या स्मरणात गोंधळ दिसतो. त्यांनी चौकशीसमोर यापूर्वी दिलेला जबाब स्पष्ट आहे. प्रकरण नस्तीबद्ध करून बंद करण्यास हरकत नसावी.

“माह्या आठवणीत काई गोंधळ नाई सर.”

“मला माहीत आहे,” सर म्हणाले. “चहा घे.”

चहा तसाच ठेवून गुणवंतराव उठले. घरी न जाता ते बसस्टँडवर आले आणि नदीकाठच्या लटारूच्या गावाची जीप धरली. दोन वर्षांत ते कधी त्या गावाला गेले नव्हते. धानकापणी जोरात होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भारे बांधून ठेवलेले होते.

लटारू घराच्या ओट्यावर जाळ्याच्या गाठी मारत बसला होता. त्यानं गुणवंतरावांना ओळखलं आणि लगबगीनं उठून बाज टाकली. “या भाऊ, या. त्या दिवशी तेवढं पाणी तुमीच पाजलं. बाकी कोणी विचारलं नाई आमाले.”

गुणवंतराव बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगायला सुरुवात केली. पत्रात लिहिलं होतं तेवढं सगळं, त्याच क्रमानं. लटारूचा हात गाठीवर थांबला. मधेच विळा घेऊन, डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी शेताकडून आली आणि दाराशी उभी राहून ऐकू लागली. तिला ओळखायला गुणवंतरावांना वेळ लागला. बोलणं थांबवलं नाही.

सगळं संपल्यावर रिंकू बापाला म्हणाली, “म्हणजे माहा फारम बरोबर होता.”

लटारूनं मान वर केली नाही.

“बाबा म्हणते का माह्यानंच काई तरी चुकलं,” रिंकू गुणवंतरावांना सांगू लागली. आवाज सरळ होता, जणू दुसऱ्या कोणाचं सांगत होती. “एवढ्या पोट्ट्यांत तुहंच काऊन राह्यलं म्हणे. मी म्हणो का मशीनच बंद होती. तं म्हणे, शहाण्या पोरींचं सगळं होते. बारावीले मी आर्टला बसली, तवाही हेच. लग्न जोडलं तवाही हेच. मलेही मंग वाटाले लागलं का जातीच्या रकान्यात मीच काई तरी उलटं भरलं. दोन साल मी तोच रकाना डोक्यात भरून राह्यली काका.”

“चुकलं नव्हतं पोरी,” गुणवंतराव म्हणाले. “तुहं काईच चुकलं नव्हतं.”

“हे तुमी तवा सांगतलं असतं,” ती म्हणाली, “तं नागपूर नसतं भेटलं. पण घरात तरी…” वाक्य तिनं पुरं केलं नाही. विळा ओट्याखाली ठेवला, पाय धुतले आणि आत गेली. आतून चुलीपाशी भांडी हलवल्याचा आवाज आला.

लटारू कितीतरी वेळ दाराकडे पाहत बसला. पोरीला हाक मारायला त्यानं एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. गुणवंतरावांकडे त्यानं पाहिलंच नाही. त्यांच्याशी भांडावं एवढीही जागा त्याच्या मनात उरली नव्हती.

“लग्न कधी आहे?” गुणवंतरावांनी विचारलं.

“माघात,” लटारू म्हणाला. “मुलाकडे शेती आहे. मूल गावाच्या अंगाला.”

जीप परत जायची वेळ झाली होती. गुणवंतराव ओट्यावरून उतरले आणि धानाच्या भाऱ्यांमधून सडकेकडे निघाले. मागून कोणी थांबा म्हटलं नाही.